पॅच पाच महिने पडून आहे, आता काय करू? वर्डप्रेसमध्ये कॉन्ट्रिब्युट करण्याबद्दल थोडं सविस्तर

प्रश्न असा आहे: सांगलीत एका छोट्या कंपनीत अडीच वर्षं वर्डप्रेसवर साइट्स बनवतोय, पीएचपी बऱ्यापैकी येतं, वर्डप्रेसच्या कोअरसाठी, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरसाठी, एक पॅच (कोडमधला छोटा बदल) टाकला त्याला पाच महिने झाले, अजून कुणी बघितलाही नाही, इंग्रजीही जेमतेमच आहे, तर यात पुढे वेळ घालवावा का, आणि घालवायचा तर नेमकं काय करावं?

मी २०१३ पासून हे करतोय, बहुतेक वेळा रविवारी सकाळी घरचे उठायच्या आधी, मधे दोन वर्षं नोकरीचा भाग म्हणूनही केलं. वेळ घालवावा का, तर हो, नक्की घालवा. पण तुम्ही थेट पॅचपासून सुरुवात केलीत, आणि सगळ्यात जास्त गर्दी नेमकी तिथेच असते. पॅच लिहायला हजार लोक तयार असतात, दुसऱ्याचा पॅच चालवून बघायला मोजकेच, आणि शेवटी तो कमिट करायचा, म्हणजे मूळ कोडमध्ये घ्यायचा, अधिकार तर त्याहून कमी लोकांकडे. त्यामुळे पाच महिने शांतता म्हणजे तुमचं काम वाईट आहे असं अजिबात समजू नका.

आधी हे चालतं कसं ते नीट सांगतो, कारण मला स्वतःला हे कळायला वर्ष गेलं. वर्डप्रेस कोअरची टिकिटं, म्हणजे बगच्या आणि सुधारणांच्या नोंदी, ट्रॅक नावाच्या सिस्टिमवर असतात, मूळ कोड अजूनही एसव्हीएन या कोड सांभाळायच्या सिस्टिममध्ये आहे, गिटहबवर आहे ती त्याची प्रत. तुम्ही गिटहबवर पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल घ्या अशी विनंती, करू शकता, पण तिच्यात ट्रॅकच्या टिकिटाची लिंक द्यावी लागते, नाहीतर ती कुणाच्या नजरेलाच पडत नाही. आणि समजा सगळं जमून आलं तरी ती गिटहबवर मर्ज होत नाही, कमिटर तो बदल एसव्हीएनमध्ये कमिट करतो आणि तुमची पुल रिक्वेस्ट नुसती क्लोज होते. माझ्या ओळखीचा एक मुलगा क्लोज झालेलं बघून दोन दिवस नाराज होता, मग कमिटचा मेसेज उघडून दाखवला तेव्हा कळलं की त्यात प्रॉप्स, म्हणजे श्रेय, म्हणून त्याचं नाव आहे आणि कोड आत गेलाय. ब्लॉक एडिटरचं, म्हणजे गुटेनबर्गचं काम मात्र पूर्ण गिटहबवर चालतं, तिथे मर्ज म्हणजे मर्जच.

टिकिटावर कीवर्ड असतात, हॅज-पॅच, नीड्स-टेस्टिंग, नीड्स-रिफ्रेश (पॅच जुना झालाय), नीड्स-युनिट-टेस्ट्स वगैरे. हे कीवर्ड शोभेला नसतात, रिलीजच्या तयारीत लोक यांच्यावरूनच टिकिटं गाळून काढतात. तुमच्या टिकिटावर पाच महिन्यांपूर्वीचा पॅच आहे, मधल्या काळात त्याच फाइलमध्ये दुसरे बदल झाले असतील तर तो आता लागतच नसेल, आणि कुणी बघायला आलंच तर पहिल्या मिनिटात परत जाईल.

माझा पहिला पॅच काय होता सांगतो. एका फंक्शनच्या वरच्या कॉमेंटमध्ये रिटर्न टाइप चुकीचा लिहिला होता, एका ओळीचा बदल. मी पाठवला तो डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, निघाला चारेकशे ओळींचा, कारण माझ्या एडिटरने सेव्ह करताना अख्ख्या फाइलमधल्या टॅबच्या स्पेस करून टाकल्या होत्या. एका अनोळखी माणसाने फक्त एवढंच लिहिलं की कोअरमध्ये टॅब वापरतात, डिफ परत बनवशील का. रागावला नाही, शिकवायलाही बसला नाही. दुसऱ्या पॅचमध्ये मी अ‍ॅरे चौकोनी कंसात लिहिला, तोही परत आला, कारण तेव्हा वर्डप्रेस पीएचपी ५.२.४ वरही चालायला हवं होतं आणि ती पद्धत ५.४ पासूनची. ती अट २०१९ मध्ये वर्डप्रेस ५.२ आलं तेव्हा ५.६ वर गेली, पण अ‍ॅरे लांब पद्धतीनेच लिहायचा हा नियम कोअरच्या कोडिंग स्टँडर्डमध्ये आजही आहे. तेव्हा मला हे फार जाचक वाटायचं. नंतर हळूहळू लक्षात आलं की जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट्स ज्या कोडवर चालतात तिथे एक ओळ बदलणं म्हणजे काय.

याचं एक ताजं म्हणावं असं उदाहरण आहे. ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ आलं तेव्हा सगळ्या इमेजेसना आपोआप लेझी लोडिंग लागलं, म्हणजे फोटो पडद्याजवळ आला की मगच लोड होणार. हेतू चांगला, पानं हलकी व्हावीत. पण पान उघडल्याबरोबर वर जो मोठा फोटो दिसायला हवा त्यालाही लेझी लागलं की तोच उशिरा यायला लागतो, म्हणजे ज्या गोष्टीसाठी केलं तीच बिघडली. मग जानेवारी २०२२ च्या ५.९ मध्ये पहिली इमेज त्यातून वगळली. अनुभवी लोकांनी तपासलेल्या बदलात सुद्धा हे होतं, म्हणून रिव्ह्यू करणारा तुमच्या पॅचकडे बघताना कोड बरोबर आहे का याच्या आधी यामुळे कुणाचं काय मोडेल हा विचार करत असतो. तुम्ही टिकिटावर त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवलंत तर त्याचं अर्धं काम होतं.

आता मला खरं जे सांगायचंय ते. तुम्ही आणि मी मराठीत लिहिणारे वाचणारे लोक आहोत, आपल्याला जे बग रोज दिसतात ते दुसऱ्या कुणाला दिसणारच नाहीत, आणि तिथे गर्दीही नाही. पीएचपी चांगलं येणारे जगात लाखोंनी आहेत, पण सामान्यरूप म्हणजे काय, मात्रा तुटली की काय दिसतं, हे कळणारा डेव्हलपर त्या टिकिटावर बहुतेक एकही नसतो.

स्लगचंच घ्या, म्हणजे लिंकमध्ये शेवटी शीर्षकावरून तयार होतो तो भाग. साताऱ्याच्या एका साप्ताहिकाची साइट मी बघायचो, संपादकांचा फोन आला की आमच्या बातम्यांच्या लिंका मधेच तुटतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या की टक्क्याच्या चिन्हांची लांबच्या लांब माळ दिसते, लोकांना वाटतं व्हायरस आहे, कुणी उघडत नाही. मी बसलो खणायला. डेटाबेसमध्ये पोस्टचा स्लग ठेवायचा कॉलम आहे २०० कॅरॅक्टरचा. इंग्रजी शीर्षकाला तो भरपूर झाला. पण देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइट घेतं, आणि स्लग साठवताना प्रत्येक बाइटचं टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असं रूपांतर होतं, म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. २०० भागिले ९, हातात उरली २२ चिन्हं. आणि चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नाही बरं का, काना वेगळा मोजला जातो, वेलांटी वेगळी, जोडाक्षरातलं हलन्तही वेगळं. 'महाराष्ट्रातील' या एकाच शब्दात अशी १४ चिन्हं आहेत, म्हणजे १२६ जागा तिथेच संपल्या.

तर 'महाराष्ट्रातील पावसाळी रानभाज्या आणि त्यांच्या पाककृती' असं शीर्षक दिलं की स्लग तयार होतो 'महाराष्ट्रातील-पावसाळी-र'. कागद पेन्सिल घेऊन मोजून बघा, बरोबर २०० वर तो र येऊन थांबतो. शब्दाच्या मधे कापलंय, आणि त्याच सुरुवातीचा दुसरा लेख आला की त्याचाही स्लग तोच, मग त्याला शेपटीला २ लागतो, पुढच्याला ३. साप्ताहिकात दर आठवड्याला सारख्याच सुरुवातीची शीर्षकं असतात, 'सातारा जिल्हा परिषदेच्या' अमुक, 'सातारा जिल्हा परिषदेच्या' तमुक, त्यांच्या तर सगळ्या लिंका एकसारख्याच झाल्या होत्या.

मी उत्साहात टिकिट टाकायला गेलो तर अशीच तक्रार आधीच नोंदवलेली, आणि इतर लिप्यांच्या लोकांचीही. रशियन वाल्यांना २ बाइटमुळे ३३ अक्षरं मिळतात, आपल्यापेक्षा बरं, पण रड तीच. मला वाटलं सोपं आहे, २०० चं ५०० करायचं, दहा मिनिटांचं काम. मग जुनी चर्चा वाचत गेलो तसं कळलं की त्या कॉलमवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आहे, जुन्या डेटाबेसमध्ये इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट, एका कॅरॅक्टरला चार बाइटच्या हिशोबाने त्यात १९१ च कॅरॅक्टर बसतात, शिवाय अपग्रेड झाल्यावर लाखो साइट्सचं टेबल बदलावं लागणार, त्यातल्या कित्येक अशा स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर की तिथे मोठं टेबल बदलायला घेतलं तर मधेच टाइमआउट होऊन साइट बंद पडेल, आणि जुन्या लिंका तर एकही मोडता कामा नये. आजही तो कॉलम २०० चाच आहे.

मग मी काय केलं? तशा एका चर्चेत मराठीची उदाहरणं आकडेमोडीसकट लिहिली, जेणेकरून पुढे कुणी हात घालेल त्याच्याकडे देवनागरीचा टेस्ट डेटा असेल. आणि त्या साप्ताहिकासाठी फिल्टर वापरून छोटा प्लगिन लिहिला, तो मर्यादेच्या आत शेवटचा पूर्ण शब्द जिथे संपतो तिथेच स्लग कापतो. संपादकांना सांगितलं की महत्त्वाच्या बातमीला स्लग हाताने लिहा, आखूड. पॅच गेला नाही, पण वर्डप्रेसचा फॉरमॅटिंगचा कोड, डेटाबेस स्कीमा, अपग्रेड कसं चालतं, हे मी जितकं त्या दोन महिन्यांत शिकलो तितकं त्याआधी तीन वर्षांत शिकलो नव्हतो. पुढच्या प्रत्येक टिकिटाला ते कामी आलं.

बाइटचा विषय निघालाच आहे तर अजून एक. २०१५ च्या एप्रिलमध्ये ४.२ आलं तेव्हा डेटाबेस यूटीएफ-८ एमबी-४ वर, म्हणजे ४ बाइटची चिन्हंही साठवणाऱ्या पद्धतीवर, गेला, लोकांनी ते इमोजीचं रिलीज म्हणून लक्षात ठेवलं. त्याआधी मराठी कॉमेंटमध्ये मधेच कुणी इमोजी टाकला की बऱ्याच सर्व्हरवर इमोजीच्या पुढचा मजकूर गुपचूप गायब व्हायचा, कारण देवनागरी ३ बाइटमध्ये बसते पण इमोजीला ४ लागतात. याच कापाकापीतून सिक्युरिटीचं भोकही निघालं होतं. पण मला त्या बदलाचा आनंद वेगळ्याच कारणाने झाला. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये आली आणि तिची सगळी अक्षरं ४ बाइटची आहेत, म्हणजे वर्डप्रेसमध्ये मोडी मजकूर साठवणं त्या इमोजीच्या बदलामुळे शक्य झालं. मोडी कागदपत्रांवर काम करणाऱ्या माणसाला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी विसरणार नाही.

भाषांतराकडे बरेच डेव्हलपर दुय्यम काम म्हणून बघतात, मला ते पटत नाही. मी कोडपेक्षा जास्त बग भाषांतर करताना पकडलेत. वर्डप्रेसचं मराठी भाषांतर ग्लॉटप्रेस या भाषांतराच्या टूलवर कुणीही सुचवू शकतं, मग एडिटर ते तपासून मंजूर करतात. तिथे तासभर बसा, डेव्हलपर लोक स्ट्रिंग, म्हणजे पडद्यावर दिसणारी वाक्यं, कशा चुकीच्या लिहितात ते लगेच कळायला लागेल. समजा एखाद्याने 'इन' हा शब्द वेगळा ठेवला आणि पुढे गावाचं नाव चिकटवलं. इंग्रजीत चालतं. मराठीत 'पुणे' चं 'पुण्यात' होतं, 'गोवा' चं 'गोव्यात', 'नागपूर' चं 'नागपुरात', सामान्यरूप मशीन कसं करणार? 'पुणेमध्ये' असं काहीतरी छापून येतं. यावर भाषांतरकार काही करू शकत नाही, स्ट्रिंगच बदलावी लागते, 'ठिकाण: पुणे' अशी. हा बग इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला जन्मात दिसणार नाही, आणि असा प्रत्येक बग म्हणजे एक नीट, छोटा, पटणारा पॅच असतो. तसंच 'कॉमेंट' हे नाम की क्रियापद, नुसत्या शब्दावरून कळत नाही, म्हणून कोअरमध्ये कॉमेंटच्या फॉर्मवर त्या शब्दाला नाम असा संदर्भ जोडलेला आहे. 'कॉमेंट' आणि 'कॉमेंट करा' यातला फरक मराठीत दिसतो तो या एका जोडलेल्या शब्दामुळे. अशा जागा प्लगिन्समध्ये आणि थीम्समध्ये अजून ढिगाने पडल्यात.

आणि ऱ. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला तो आडवा र दोन प्रकारे टाइप होतो, एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडणारं चिन्ह. डोळ्याला सारखंच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. जुन्या लेखात एक प्रकार आणि वाचकाच्या फोनच्या कीबोर्डवर दुसरा असला की साइटवर शोधून लेख सापडत नाही. एका सर्च प्लगिनच्या रिव्ह्यूत कुणीतरी ती अदृश्य चिन्हं कचरा म्हणून काढून टाकायचा पॅच दिला होता, हेतू स्वच्छ होता, पण तसं केलं की 'दुसऱ्या' मधला तो र रफार होऊन या च्या डोक्यावर जाऊन बसतो. मी दोन्हींचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावले, चार ओळी लिहिल्या, त्याने लगेच बदललं. त्या दिवशी मी एक ओळही कोड लिहिला नव्हता.

इंग्रजीची काळजी करू नका. टिकिटावर साहित्य लिहायचं नसतं. वर्डप्रेसचं व्हर्जन, पीएचपीचं व्हर्जन, ब्राउझर, कोणती थीम, प्लगिन बंद करून बघितलं का, मग पायऱ्या एक दोन तीन, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एक स्क्रीनशॉट. एवढं कुणालाही जमतं, आणि छोट्या वाक्यांचा रिपोर्ट लांबलचक इंग्रजीपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण वाचणारा पण बऱ्याचदा जपान किंवा ब्राझीलचा असतो, त्याचंही इंग्रजी शिकलेलंच. स्लॅकवर, म्हणजे या सगळ्यांच्या चॅटवर, बोलायची भीती वाटत असेल तर आधी महिनाभर नुसतं वाचा. मी तेच केलं.

कधीकधी टिकिट वॉन्टफिक्स, म्हणजे हे करणार नाही, म्हणून बंद होतं. माझी तीन झाली. एकदा मी सेटिंग्जमध्ये एक चेकबॉक्स वाढवायचा पॅच दिला होता, टेस्टसकट, चांगला दीड आठवडा खपून. बंद झाला. वर्डप्रेसचं धोरणच आहे की पर्याय वाढवत बसू नये, वापरणाऱ्याच्या वतीने निर्णय आपणच घ्यावा, आणि ज्याला वेगळं हवं त्याच्यासाठी प्लगिन आहे. तेव्हा लागलं मनाला. पण ते धोरण वाचून मग टिकिट टाकलं असतं तर दीड आठवडा वाचला असता, म्हणून आता काहीही नवीन सुचवायचं असेल तर मी आधी दोन ओळींत विचारतो, कोड नंतर.

नोकरीबद्दल. मी होतो त्या एका कंपनीत साहेबांनी सरळ सांगितलं होतं की क्लायंटच्या वेळात हे चालणार नाही, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच होते, कॉन्ट्रिब्युशनचं बिल कुणाला लावणार. पण २०१४ पासून फाइव्ह फॉर द फ्युचर नावाची कल्पना आहे, वर्डप्रेसवर धंदा करणाऱ्यांनी आपली ५ टक्के ताकद त्या प्रोजेक्टला द्यावी अशी, आणि काही कंपन्या खरंच माणसं देतात. पुढच्या इंटरव्ह्यूत विचारायला हरकत नाही. तोवर आठवड्याला दोन तास ठरवा, जास्त नको, एकदम झपाटल्यासारखं करून दोन महिन्यांत थकलेले मी खूप बघितलेत. वर्डकॅम्पला, म्हणजे वर्डप्रेसवाल्यांच्या संमेलनाला, कॉन्ट्रिब्युटर डे असतो तिथे एकदा जाच, शेजारी बसून कुणीतरी एन्व्हायर्नमेंट लावून देतं, जे एकट्याला करायला शनिवार-रविवार जातो. २०२६ च्या वर्डकॅम्प एशियासाठी मुंबई ठरली तेव्हा मला म्हणून फार बरं वाटलं, आधीचे बँकॉक, तैपेई, मनिला, तिकडे जाणं आपल्या गावाकडच्या पोरांना कुठून परवडणार.

तर आता तुमच्या पॅचचं. आधी ताज्या ट्रंकवर, म्हणजे सध्या काम चालू असलेल्या कोडवर, लावून बघा, लागत नसेल तर नवा बनवा आणि नीड्स-रिफ्रेश असेल तर काढा. युनिट टेस्ट, म्हणजे कोड आपोआप तपासणारा छोटा कोड, नसेल तर एक तरी लिहा, ती पॅचशिवाय फेल आणि पॅचसह पास व्हायला हवी, दोन्ही चालवून बघा. गिटहबवर पुल रिक्वेस्ट केलीत की खाली प्लेग्राउंडची लिंक येते, त्यावर क्लिक केलं की तुमच्या बदलासकट वर्डप्रेस ब्राउझरमध्येच उघडतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, ती लिंक टिकिटावर द्या म्हणजे टेस्ट करणाऱ्याचा अर्धा तास वाचेल. कधी विचारायचं तेही बघा. पहिला बीटा आला की नवीन सुधारणा आत जात नाहीत, फक्त बग, आणि आरसीनंतर, म्हणजे रिलीजआधीच्या जवळपास अंतिम व्हर्जननंतर, तर एकेका बदलाला दोन कमिटरची सही लागते, तेव्हा आठवण करून दिली तर उत्तर येणारच नाही. रिलीज होऊन गेलं आणि ट्रंक पुढच्या व्हर्जनसाठी उघडली की त्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत स्लॅकवर एकदा, एकदाच, टिकिटाचा नंबर देऊन विचारा.

आणि वाट बघता बघता त्याच कंपोनंटमधले, म्हणजे कोअरच्या त्याच भागातले, दुसऱ्यांचे तीन पॅच टेस्ट करा, रिपोर्ट टाका. रिपोर्ट टाकणाऱ्यालाही प्रॉप्स मिळतात, पण मुख्य म्हणजे त्या कंपोनंटचा मेंटेनर तुमचं नाव ओळखायला लागतो.

तुमच्या टिकिटाचा नंबर कळवा. येत्या रविवारी मी तो पॅच माझ्या मशीनवर लावून बघतो आणि टेस्ट रिपोर्ट टाकतो, साइटची भाषा मराठी करून पण बघतो.